नाकावर उभी राहणारी गोळी

कॉटनवूड क्रीक, माँटाना
३ जून १९९४

एल्डन,

वर 'प्रिय' लिहिणार होते, पण मग तूच म्हणाला असतास, ताई आज एवढी गोड का बोलतेय? म्हणून नुसतंच एल्डन.

तुझा गोळ्या ओतायचा नवा साचा माझ्या शेडमध्ये राहिलाय, शिशाच्या भट्टीमागे. तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलाय, गंजायचा नाही. एवढंच कळवायचं होतं. कागद उरलाय म्हणून पुढचं लिहिते.

काल फोन केला तो मारिसोलने उचलला. गुणी सून मिळाली हो तुला, तुझ्या मानाने फारच. तिला सहज विचारलं, "काय म्हणतात तुझे सासरे?" तर बिचारी चाचरत म्हणाली, "आत्या, बाबा म्हणतात तुम्ही त्यांना सगळ्यांदेखत नेमबाजीच्या मैदानातून हाकललंत." हो, हाकललं! पण का हाकललं तेही सांगायचं होतंस ना तिला. सत्तरीला आलेला माणूस अर्धीच गोष्ट सांगून लोकांकडून कीव गोळा करतो, याला काय म्हणावं?

मग मीच सांगितली. म्हटलं, अगं, आमच्या लिव्हरचा दांडा ओढून भरायच्या बंदुकीत काडतुसं खालच्या नळीत एकामागे एक आडवी असतात. प्रत्येकाच्या बुडाला एक टोपी असते, घोडा तिच्यावर आपटला की बार उडतो. आणि त्या टोपीला मागच्या काडतुसाचं नाक टेकलेलं असतं. नाक सपाट असेल तर काही बिघडत नाही. टोकदार असेल तर बंदुकीच्या एका धक्क्याने तेच घोड्याचं काम करतं आणि नळी तुमच्या डाव्या हातात फुटते. ओलाफकाकांचा हात तिने कुठे पाहिलाय! मरेपर्यंत त्यांना बटाटा सोलून द्यायला माणूस लागायचं. रीत त्यांनीच घालून दिलेली: ओतलेली गोळी टेबलावर नाकावर उभी करायची. उभी राहिली तर खालच्या नळीत भरा. पडली तर घरी न्या. बाहेरगावचा पाहुणा आला तरी आधी गोळी उभी करून दाखवतो, मग त्याला कॉफी मिळते.

तुझी पडली. पुन्हा ठेवली, पुन्हा पडली. तू म्हणालास, "टेबल तिरकं आहे." क्लबातल्या बर्टिलने सगळ्यांसमोर टेबलावर पाणी ओतलं, ते जागच्या जागी राहिलं. मग तू म्हणालास, "घरी उभी राहिली होती." आणि तसली पाच काडतुसं तुझ्या नळीत भरून तयार! एप्रिलच्या त्या दिवशी मैदान माझ्या ताब्यात होतं. उभी राहणारी गोळी आणेपर्यंत यायचं नाही, हे मी दुसऱ्या कोणालाही सांगितलं असतं, तेच तुला सांगितलं. पुन्हा तसं झालं तर पुन्हा सांगेन.

पण त्यापायी उठून थेट अॅरिझोनाला जायचं? मुलाकडे राहायला जातो म्हणालास, तेही मला नाही, पोस्टातल्या बाईला.

उत्तर लिही. दोन ओळी चालतील.

थोरा


२६ जून

एल्डन,

तुमच्याकडे टपाल गाढवावरून जातं का?

इकडे सगळं ठीक. परवा गारा पडल्या, परसातल्या रुबार्बची पानं चाळणीसारखी झाली. टायरवाला हल्ली चाकाला लावायची शिशाची वजनं देईना. म्हणतो, "थोरा आजी, आता सगळं जस्ताचं येतं." मेल्याला मी लहानपणी कडेवर घेतलाय आणि मला आजी म्हणतो. शेवटी जुन्या छपराचं शिसं मिळालं. मऊ आहे फार, कथील घालावं लागेल. क्लबातही ठीक आहे. सगळे तुझी आठवण काढतात.

फोन दोनदा केला. दोन्ही वेळा तू झोपलेला. दुपारी बारा वाजता? तू लहानपणी गोवर आला तरी दुपारचा झोपला नाहीस. मारिसोलला नीट खोटं बोलता येत नाही, तिला असल्या कामाला लावू नकोस.

आता मुद्द्याचं. सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी जोडीची स्पर्धा आहे. जवळची लोखंडी निशाणं, कोंबड्या आणि डुकरं, मी पाडायची, लांबच्या टर्की आणि मेंढे तू. माझा क्लेम गेल्यापासून आपलं हेच चाललंय. नावं ऑगस्टअखेर द्यायची असतात. मी दुसऱ्या कोणाबरोबर उभी राहणार नाही. बर्टिलने विचारलं होतं, त्याला नाही म्हणून सांगितलं.

हे बघ, स्पष्टच लिहिते. वर्षभरात वाट बघावी असं मला तो एक दिवस सोडून काही उरलेलं नाही. नाताळला कोणी येत नाही. वाढदिवशी बँकेचं कार्ड येतं. तो रविवार जवळ आला की मी आठवडाभर आधीपासून बटाट्याचे पातळ लेफ्से लाटायला घेते, घरात पिठाचा धुरळा होतो, आणि तू येऊन म्हणतोस, "यंदा जरा जाडच झालेत." तेवढं ऐकायचं असतं मला.

तेव्हा राग आवर आणि ये. गोळीचं काय करायचं ते मी बघते.

थोरा


१२ जुलै

एल्डन,

मागच्या पत्रात क्लबात सगळं ठीक आहे असं लिहिलं. ठीक कसलं डोंबलाचं!

तू गेल्यावर पहिल्या रविवारी सगळ्यांनी येऊन माझा हात हातात घेतला. व्हर्ना म्हणाली, "थोरा, तू अगदी बरोबर केलंस हो. सख्ख्या भावाच्या बाबतीत असं करायला धीर लागतो." आणि आपली बशी उचलून पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. त्या दिवसापासून माझा बाक रिकामा असतो. कोणी वाईट बोलत नाही. मी गेले की हसणं मात्र थांबतं. आता मी नेमबाजी झाली की जेवायला थांबत नाही, शिदोरी ट्रकमध्ये बसून खाते. तुझी आठवण कोणी काढत नाही. माझ्यासमोर तरी नाही.

गेल्या आठवड्यात तुझ्या साच्यातून गोळ्या ओतल्या. बोलायला कोणी नसलं की मी भट्टी पेटवते, ती निदान कुरकुर तरी करते. पहिल्या पाच-दहा सुरकुतलेल्या निघाल्या, साचा थंड होता. मग तापला आणि अशा देखण्या पडायला लागल्या की तुझा राग आला. लांब अंग, निमुळतं नाक, पुढे जेमतेम डाळीच्या दाण्याएवढं सपाट. म्हणूनच पडतात बरं का त्या. एवढ्याशा सपाटावर कोण उभं राहील?

तुझ्या बाजूने विचार करून पाहिला. आपली जुनी रुंद नाकाची गोळी बंदुकीत सुरळीत सरकते, मेंढ्याला लागली की धाडकन उलथवते, पण लांबवर वारा तिला ढकलून देतो आणि शेवटी ती दमते. तुझी ही निमुळती वारा कापत जाते. म्हणजे मेंढ्यांसाठी हिची निवड अगदीच वेड्यासारखी नव्हती. खालच्या नळीत भरणं वेड्यासारखं होतं.

मग गुरुवारी मैदानावर कोणी नसताना गेले. एकेक काडतूस वरून घालून पाच बार काढले, लांबच्या एका मेंढ्यावर, तो पडू नये म्हणून खांबाला बांधून. दुर्बिणीतून बघते तर पाचही खुणा कॉफीच्या बशीखाली झाकल्या जातील इतक्या जवळ. एल्डन, माझ्या उभ्या जन्मात मी एवढं चांगलं मारलं नव्हतं! आनंदाने वळून "बघितलंस का?" म्हणाले, तर मागे कोणी नाही. कुंपणावर एक मॅगपाय बसला होता, तोही उडाला.

आता मला एक सांग. गोळी एवढी सरळ जाते, तर मग तू का चुकत होतास? गेली दोन वर्षं तुझा एक मेंढा पडला तर चार उभे. आधी म्हणालास साचा म्हातारा झाला, आणि वडिलांचा साचा विकून टाकलास. मग आणखी रुंद नाकाचा आणलास, तो बंदुकीत अडकतो म्हणालास. मग गोलसर कडेच्या नाकाचा, ती गोळी निदान उभी तरी राहायची. मग हा. वीस वर्षं एकाच साच्याची गोळी मारणारा माणूस दोन वर्षांत तीन नाकं बदलतो! साच्यात दोष नाही, शिशात नाही, बंदुकीत नाही. तू आळशी झालायस, दुसरं काही नाही. सराव सोडलास. तुझी एडिथ गेल्यापासून तू संध्याकाळी टीव्हीसमोर बसतोस, ते मला माहीत आहे.

जरा मैदानात जाऊन उभा राहा. तिकडे टुसॉनला काय मैदानं नाहीत?

थोरा


३० जुलै

एल्डन,

आज शनिवार. फोनवर मारिसोलच्या मागे तुझा आवाज स्पष्ट ऐकू आला. "सांग, बाहेर गेलेत म्हणून." माझ्या कानांना अजून काही झालेलं नाही.

मी काय चोर आहे? मी तुझे हात वाचवले. दोन्ही हात शाबूत आहेत ना, त्या हातांनी एक ओळ लिहिता येत नाही? आई गेल्यावर तुझ्या शर्टांना बटणं मी लावली. तू वडिलांची जीप ओढ्यात घातलीस तेव्हा मार मी खाल्ला. आणि आता म्हातारपणी मी तुझ्या दारात पत्रांची भीक मागते आहे, आणि तू मला 'बाहेर गेलेत' करतोस!

नको येऊस. बस तिकडे उन्हात. मीही आता लिहिणार नाही.

थोरा


१४ ऑगस्ट

एल्डन,

लिहिणार नाही म्हटलं होतं. म्हटलं होतं खरं.

बर्टिलकडे गेले होते. त्याच्या वर्कशॉपात अजून तोच कुबट वास आहे, आणि तो अजून तसाच, दहा मिनिटांत एक वाक्य बोलतो. तुझा साचा त्याच्यापुढे ठेवला. म्हटलं, "याच्या गोळीचं अंग आहे तसं राहू दे. नाक तेवढं सपाट करून दे, टेबलावर उभी राहील इतकं."

त्याने साचा डोळ्याजवळ नेला, लांब नेला, फुंकर मारली. मग म्हणाला, "एल्डनचा ना?"

"हो."

"तो येणार आहे?"

"तू साचा कर," मी म्हणाले.

त्याने तळातून भोक पाडलं आणि आत सपाट डोक्याची एक खिट्टी बसवली. आता शिसं ओतलं की नाकाचं टोक जिथे व्हायचं तिथे ती आडवी येते. पैसे घेईना. म्हणाला, "रविवारी तुम्ही ट्रकमध्ये बसून जेवता, ते मला बरं दिसत नाही. माझ्या बाकावर येत जा." एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. मी काहीतरी तोडून बोलले आणि निघून आले. ट्रकमध्ये बसल्यावर मात्र रडू आलं, ते घरी पोचेपर्यंत थांबेना. आता तुला हसायचं तर हस.

गोळी वजनाला थोडी हलकी झाली. लांबीला कमी झाल्यामुळे एक फायदा असा, की काडतूस बंदुकीत आता कुठे अडकत नाही. खालच्या नळीत पाच भरून, वारा असलेला दिवस मुद्दाम बघून मारल्या. तीन मेंढे उलथले. चौथा डुलला आणि उभा राहिला, त्याचा दोष माझ्याकडे. पाचवी वाऱ्याने नेली. जुन्या रुंद नाकाच्या गोळीपेक्षा बरी उडते, तुझ्या निमुळतीएवढी नाही. दोन्हींच्या मधली झाली म्हण. या गोळीने तू मेंढे पाडशील आणि मैदानात तुला कोणी एक शब्द बोलायचं नाही. व्हर्नाने टेबल धरून हलवलं तरी ही पडत नाही. करून पाहिलंय मी.

पाच गोळ्या पाठवते आहे, औषधाच्या डबीत कापूस घालून. नुसतं शिसं आहे, दारू नाही, मारिसोलला घाबरू नको म्हणावं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर उभी करून बघ. मग 'मला तुझी लाज वाटते, तुझा राग येतो, तुझं तोंड बघायचं नाही', काय वाटेल ते लिही. पण लिही. तू माझ्यावर रागावलायस की माझ्यातून पार उठून गेलायस, तेच मला कळत नाहीये. रागावलेला असलास तर मी थांबीन. रागावलेली माणसं परत येतात.

नावं द्यायला अजून दोन आठवडे आहेत.

थोरा


२ सप्टेंबर

एल्डन,

काल मारिसोलचा फोन आला. तिने आपणहून केला. मला वाटलं तू गेलास.

ती म्हणाली, "आत्या, डबी आली तुमची. बाबांनी ती उघडली. एकेक गोळी अंगठ्याने चाचपली, नाकावरून किती वेळ अंगठा फिरवत बसले. मग एक टेबलावर ठेवली. हात काढला. आणि मला हाक मारून विचारलं, 'उभी आहे का गं?'"

मी म्हटलं, "म्हणजे? समोर तर होती ना?"

"समोरच होती, आत्या. त्यांना दिसत नाही."

मग तिने सगळं सांगितलं, कारण तुझं ऐकून गप्प बसायचा तिलाही कंटाळा आला होता. डोळ्यांच्या मधोमध डाग. कडेचं दिसतं, मधलं जातं. चालता येतं, कप भरता येतो. पण जिथे बघावं नेमकं तेवढंच दिसत नाही. दोन वर्षं. बिलिंग्जला दाताच्या डॉक्टरकडे जातो म्हणायचास, जात होतास डोळ्याच्या. बंदुकीच्या टोकाचा नेम धरायचा मणी दिसेना, मेंढा दिसेना, आणि तू गोळीची नाकं बदलत बसलास. एखादं नाक तरी डोळ्यांचं काम करील असं वाटलं का रे तुला? आणि एप्रिलमध्ये 'घरी उभी राहिली होती' म्हणालास ते खोटं नव्हतं. तुला ती उभी दिसली होती.

मी तिला विचारलं, "मग माझी पत्रं?"

ती म्हणाली, "ड्रॉवरमध्ये आहेत. पहिलं फोडलं होतं, खिडकीत नेलं, दिव्याखाली धरलं. मी म्हटलं, द्या मी वाचते. तर म्हणाले, ते माझं आणि माझ्या बहिणीचं आहे, त्यात तू पडू नकोस. पुढची फोडलीच नाहीत. जेवण झालं की घेऊन बसतात मांडीवर. फोनवर यायला सांगितलं तर म्हणतात, ती विचारील वाचलंस का, मग मी काय सांगू?"

रिसीव्हर ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले. आधी तुझा इतका राग आला की तू समोर असतास तर दोन लगावल्या असत्या. गाढवा! मला एक शब्द बोलला असतास! आपण मैदानात एकमेकांच्या बाजूला उभे राहून मारायचो, मी कानात सांगितलं असतं, डावीकडे दोन बोटं, थोडं वर. मेंढे पडले नसते तर नसते. मेंढ्यांसाठी येत होते का मी तिथे?

आणि मग बसले. तू रागावलेला नाहीस. अख्खा उन्हाळा मी रागावलेल्या भावाला पत्रं लिहीत होते, आणि तिकडे तो ती मांडीवर घेऊन बसला होता.

एप्रिलच्या त्या दिवशी मी बरोबर होते, आणि तुला आंधळं होताना बघूनही तेच केलं असतं. ते तू मला माफ कर किंवा नको करू. पण सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी मी मैदानात नसेन. बर्टिलला सांगितलंय, मेंढे यंदा तूच पाड. तो म्हणाला, "त्याला माझा नमस्कार सांगा. आणि सावकाश चालवा." माझ्या घरच्या कोंबड्यांना कोणी धान्य घालायचं तेही तोच बघणार आहे. ट्रकचं तेल बदललं. तीन दिवसांचा रस्ता आहे, मला चार लागतील. लेफ्से केलेत. यंदा खरंच जाड झालेत.

हे पत्र पेटीत टाकत नाही, बरोबरच आणते. ड्रॉवरमधली सगळी काढून ठेव, क्रमाने नसली तरी चालेल, अक्षर माझंच आहे, मी लावून घेईन. तीस जुलैचं मी वाचणार नाही, आणि वाचलं नाही हे तुला सांगणारही नाही. बाकीची पहिल्यापासून वाचते. तू मध्ये मध्ये बोल. टेबल तिरकं होतं म्हण, वाटेल ते म्हण. मला उन्हाळाभर कोणी मध्ये बोललेलं नाही.

थोरा